अलिबागचा हेरिटेज वॉक: सांगणारे एक नंबर, पण ओहोटीचं गणित चुकलं

मी अलिबागचाच, त्यामुळे गावातलं इतिहास मंडळ दर हिवाळ्यात वॉक काढतं हे माहीत असूनही कधी फिरकलो नव्हतो, आपल्याच गावात तीनशे रुपये भरून काय बघायचंय. या वेळी पुण्याहून आत्या आणि तिची कॉलेजातली नात आलेली, नातीने परस्पर तिघांची नावं देऊन टाकली, मग गेलो गपचूप.

सकाळी साडेसातला कान्होजी आंग्रेंच्या समाधीपाशी जमलो. तिथून आठवड्यातून चारदा तरी मी मासे घ्यायला जातो पण 1729 ही तारीख डोक्यात कधी बसली नव्हती ती आता बसली. तिथून हिराकोट, कान्होजींनी 1720 मध्ये बांधलेला, आमच्यासाठी मात्र हिराकोट म्हणजे जेल, लहानपणी मस्ती केली की तिथेच टाकायची धमकी मिळायची. इथे दहा मिनिटांत उरकलं ते बरं केलं, बाहेरून बघण्यासारखं तेवढंच आहे.

इस्रायल आळीत जरा रेंगाळलो. मागेन अबोथ सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि बेने इस्रायली म्हणजे इथल्या ज्यू लोकांची गोष्ट, नवगावजवळ जहाज फुटलं आणि पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांच्यातली आख्यायिका. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. आडनावं बघा, किहीमकर, पेणकर, नवगावकर! आत्याच्या वर्गात एक किहीमकर होती, ती ज्यू होती हे आत्याला त्या दिवशी कळलं, साठ वर्षांनी.

पण खरे पैसे वसूल झाले ते वेधशाळेपाशी. आत नाही गेलो, फाटकाबाहेर उभं राहूनच ऐकलं. मी इतकी वर्षं समजत होतो की हे पावसाचं ऑफिस. ते आहे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं ठिकाण! आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं, मग तिथल्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवायचं ठरलं, विजेच्या तारांनी मोजमाप बिघडणार म्हणून मुंबईपासून लांब पण फार लांब नाही अशी जागा शोधली, ती अलिबाग. 1904 ला इथे काम सुरू झालं आणि पुढची दोन वर्षं, 1906 पर्यंत, दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे जुळवता यावेत. इमारत पोरबंदरच्या दगडाची, लोखंड टाळून बांधलेली, कारण साधा खिळासुद्धा सुईला त्रास देणार. सांगणारे काका निवृत्त मास्तर असावेत, हातात कागद नाही काही नाही, मध्येच म्हणाले, ‘अलिबागसे आया क्या’ म्हणणाऱ्याला इथे आणून उभं करा. (त्या वाक्यावर बंदी घाला म्हणून 2019 मध्ये एक जण हायकोर्टात गेला होता, कोर्टाने याचिका फेटाळली. बरोबरच केलं, पण तो गेला त्याचं मला तेव्हाही बरं वाटलं होतं.)

आता तक्रार. पत्रकात समुद्रातला कुलाबा किल्ला दहा वाजता, ‘ओहोटीत चालत’ असं छापलेलं. आणि त्या दिवशी तिथी होती अष्टमी. कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल, तिथीला पाऊणने गुणा की भरतीची वेळ येते, आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि ओहोटी बारा वाजता. त्यात अष्टमीला भांगाचं पाणी, ते पौर्णिमा-अमावास्येसारखं लांब मागे हटतच नाही. दहाला गेलो तर कमरेएवढं पाणी! मग घोडागाड्या ठरवल्या, त्याचे पैसे वेगळे, किल्ल्याचं तिकीट वेगळं, आणि चाळीस माणसांना गाड्या पुरेनात म्हणून आम्ही वाळूत उन्हात पाऊण तास. आत्या म्हणाली, ‘अरे 1721 ला इंग्रज-पोर्तुगीज चालून आले ते सगळं पाठ आहे यांना, आणि आजची भरती कधी ते कोणी बघेना?’ मंडळातल्या एकाने ऐकलं, हसला बिचारा.

किल्ल्यात गेल्यावर मात्र राग उतरला. तटाचे दगड चुना न भरता नुसते एकावर एक ठेवलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि जोर तिथेच मरतो. राघोजी आंग्रेंनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा साठा. आणि उत्तर तटावरच्या त्या चाकांच्या दोन तोफा, जिथे सगळे फोटो काढतात, मी पण पाहुण्यांना ‘कान्होजींच्या तोफा’ म्हणूनच दाखवत आलोय. काकांनी तोफेवरची अक्षरं वाचायला लावली. 1849, यॉर्कशायर! कान्होजी जाऊन एकशेवीस वर्षं झालेली, आंग्र्यांचं संस्थानही 1840 लाच कंपनीने खालसा केलेलं. नातीने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू, चार वर्षांपूर्वी तिला मीच तिथे उभं करून फोटो काढला होता.

चहा आणि पोहे फीमध्ये होते, पोहे गार. माइक नव्हता, मागच्या दहा जणांना काही ऐकू येत नव्हतं, चाळीस जण एका वेळी घेऊच नयेत. बाथरूमची सोय फक्त सुरुवातीला, वयस्कर माणसं असतील तर हे आधी विचारून ठेवा.

पाचपैकी चार देतोय, वेधशाळेसाठी पाच दिले असते. नाव नोंदवायच्या आधी कालनिर्णय उघडून तिथी बघा, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा रविवार असेल तरच किल्ल्याच्या वॉकला जा, पण तेव्हा ओहोटी सकाळी सहा-सातला असते, म्हणजे किल्ला आधी आणि गाव नंतर घ्यावं लागेल. हे मंडळाला सांगितलंय मी, ‘बघतो’ म्हणालेत.