मासळीच्या गावात मासा बंद : भुरीच्या उलट्यांवर आठ महिने वापरलेल्या हायड्रोलाइज्ड खाद्याचा अनुभव

हा अनुभव लिहायला मी मुद्दाम आठ महिने थांबले. पहिल्या पंधरवड्यातच भुरीला इतका गुण आला होता, की त्या भरात लिहिले असते तर निम्मे चुकीचे लिहिले गेले असते. भुरी ही आमची साडेपाच वर्षांची, नसबंदी झालेली गावठी मांजर. आमचे घर रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस मासे शिजतात आणि उरलेले तीन दिवस शेजारी शिजतात. अशा ठिकाणी वाढलेल्या मांजराला मासा सोसत नसेल, ही शंका घ्यायलाच आम्हाला दीड वर्ष लागले.

त्या दीड वर्षात आम्ही एकच वाक्य ऐकत होतो आणि बोलतही होतो : मांजर आहे, ओकणारच. केसांचा गोळा बाहेर पडला की निर्धास्त व्हायचे आणि गोळा दिसला नाही तर तो आतच राहिला असेल असे समजायचे. पुढे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक उलटीला पेन्सिलीने एक फुली मारायला सुरुवात केली, तेव्हा एप्रिलमध्ये अकरा आणि मे महिन्यात तेरा फुल्या झाल्या आणि त्यांपैकी केसांच्या गोळ्याच्या फक्त दोन होत्या. भुरीचे वजन तोपर्यंत ३.८ किलोवरून ३.१ किलोवर आले होते, पण अंगावर दाट केस असल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नव्हते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसह ठेवून वजन केले तेव्हाच ते कळले.

पहिल्या दवाखान्यात दर वेळी उलटी थांबवण्याचे इंजेक्शन मिळत असे. चार-सहा दिवस बरे जात आणि पुन्हा फुल्या सुरू होत. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, की ती पोट आवळून, उबळ येऊन ओकते की खाल्ल्यावर लगेच मान खाली घालून अन्न जसेच्या तसे बाहेर टाकते. मला उत्तर देता आले नाही. त्यांनी मोबाइलवर चित्रण करून आणायला सांगितले, आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रणाने जितके काम झाले तितके माझ्या पंधरा मिनिटांच्या वर्णनाने झाले नसते. पोट आवळून येते ती खरी उलटी. अन्न नुसते परत येत असेल तर दोष अन्ननलिकेत किंवा घाईने खाण्यात असू शकतो, आणि त्याचा तपास वेगळा असतो. भुरीची उलटी खरी होती. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या उलट्यांना ते जुनाट आजार समजतात, असेही त्यांनी सांगितले. आमचे दीड वर्ष ऐकून ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पुरेसा बोलका होता.

त्यानंतर शौचाची तपासणी, जंताचे औषध आणि मूत्रपिंड व यकृत यांसाठी रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइडचा आजार बहुधा दहा वर्षांपुढच्या मांजरांत आढळतो, म्हणून ती तपासणी मागे ठेवली. सोनोग्राफीसाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला जावे लागले. भुरी वाटेत दोनदा ओकली, पण त्या फुल्या मी मोजलेल्या नाहीत. आतड्याची भिंत किंचित जाड दिसली. ती अन्नामुळे आलेली सूज आहे, आतड्याचा दीर्घकालीन दाह आहे की मंद वाढणाऱ्या लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाची सुरुवात, हे बायोप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, खात्रीने सांगता येत नाही. मात्र प्रकृती ठीक असलेल्या मांजरात आधी अन्न बदलून पाहणे हाच शहाणपणाचा क्रम आहे, असे डॉक्टरांचे मत पडले. रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वही कमी निघाले, म्हणून आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शने ठरली. रक्त तपासून ॲलर्जी ओळखण्याच्या चाचण्यांविषयी मी विचारले, तेव्हा अन्नाच्या बाबतीत त्या भरवशाच्या नाहीत, असे उत्तर त्यांनी स्पष्टपणे दिले. पैसे वाचले.

या बदलासाठी निवडलेल्या हायड्रोलाइज्ड खाद्यात प्रथिनांचे रेणू आधीच इतके बारीक तोडलेले असतात, की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ते ओळखत नाही आणि त्यांच्याविरुद्ध उठत नाही. ज्या प्राण्याचे किंवा वनस्पतीचे ते प्रथिन आहे, त्याचीच तीव्र ॲलर्जी असलेल्या काही मांजरांना मात्र तेही बाधते. असे खाद्य दोन-तीन कंपन्या करतात. मी वापरलेल्या पिशवीचे नाव येथे देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते या जातीच्या खाद्याविषयी आणि ते पाळताना आलेल्या अडचणींविषयी. घरीच एखादे मांस उकडून देण्याचा मार्गही होता, पण नुसत्या मांसावर मांजराला कॅल्शियम पुरत नाही आणि टॉरिन या मांजराला अत्यावश्यक असलेल्या पोषक द्रव्याचीही खात्री राहत नाही. दोन महिने तसे काढण्याची माझी तयारी नव्हती.

आता मुहूर्ताविषयी. नव्या खाद्याची ही परीक्षा निदान आठ आठवडे निर्भेळ पाळायची, म्हणजे त्या काळात दुसरे काहीही तोंडात जाऊ द्यायचे नाही. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. बंदरावर मासळी उतरणार नाही, दारावर मासेवाली येणार नाही आणि शेजाऱ्यांच्या मागील दारी मासे साफ होणार नाहीत, असा हिशेब करून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली. हा हिशेब निम्माच खरा ठरला. पहिल्या पावसात चढणीचे मासे आले, खाडीची मासळी थोडीफार येतच राहिली, आणि पावसाळ्यात घरोघरी डब्यांतून सुकट, जवळा व सुके बांगडे निघतात हे तर मी विसरलेच होते. तरीही इतर कोणत्याही महिन्यापेक्षा हे दोन महिने सोपे गेले, हे मान्य करायला हवे.

पहिले आठ दिवस जुन्या अन्नात नवे थोडे थोडे मिसळत गेले. तिसऱ्या दिवशी भुरीने वाटीकडे पाठ फिरवली. "उपाशी राहिली की मुकाट्याने खाईल," असे सगळेच म्हणाले, पण मांजराच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे : दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. मी दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून दिले. वास सुटला आणि ती खाऊ लागली. आजही ते भिजवूनच देते, त्यामुळे पाणीही पोटात जाते. सुरुवातीला शौच काही दिवस पातळ झाली, मग घट्ट झाली आणि प्रमाणही कमी झाले. जूनमध्ये पाच फुल्या झाल्या, त्यांतल्या चार पहिल्या दहा दिवसांतल्या होत्या.

मांजराला वळवण्यापेक्षा माणसांना वळवणे अवघड गेले. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि जेवताना पानातला एक घास मांजराला ठेवण्याची त्यांची सवय माझ्या लग्नाहून जुनी आहे. "अगं, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय तिला?" असे त्या विचारत. "आई, एवढासा तुकडाच तर शोधायचा आहे," असे मी सांगे, पण ते त्यांना पटत नसे. शेवटी भुरीचे रोजचे दाणे सकाळी मोजून एका डबीत घालून ती डबी त्यांच्याकडेच दिली, आणि द्यायचे ते यातूनच द्या, असे सांगितले. घास देण्याचा आनंद राहिला आणि परीक्षाही टिकली. आमटीतला मासा नळाखाली धुऊन देण्याची शेजारच्या काकूंची पद्धत मात्र वेगळ्या कारणाने थांबवावी लागली : कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशींना घातक असतात आणि धुतल्याने ते पुरते निघत नाहीत.

जुलैच्या मध्यावर फडताळाचे दार उघडे राहिले आणि भुरीने जवळ्याची पुडी फाडली. त्या रात्री एक आणि दुसऱ्या दिवशी दोन उलट्या झाल्या. मला राग आला, पण डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तिने तुमचे काम सोपे केले." जुलैच्या एकूण चार फुल्यांपैकी तीन या जवळ्याच्या. जंताची गोळीही त्याच महिन्यात होती, आणि ती चिकनच्या चवीची असल्याचे खोक्यावर वाचल्यामुळे बदलून घेतली. परीक्षा चालू असताना चवदार केलेली औषधेही चालत नाहीत, हे आपणहून कोणी सांगत नाही.

एक प्रश्न मात्र उरत होता. बी-१२ची इंजेक्शनेही याच काळात झाली होती आणि त्यांनीही भूक व पचन सुधारते, मग गुण खाद्याचा की इंजेक्शनांचा? याचे उत्तर मासा परत देऊनच मिळणार होते. बहुतेक लोक येथेच थांबतात, कारण बऱ्या झालेल्या जनावराला मुद्दाम ओकायला लावणे जिवावर येते. मलाही आले. १० ऑगस्टपासून मीठ-मसाला न घालता उकडलेला बांगडा रोज चमचाभर दिला. तिसऱ्या दिवशी दोन उलट्या झाल्या, चौथ्या दिवशी एक. मासा बंद केल्यावर पोट स्थिरावायला पाच दिवस लागले.

तरी माझे समाधान झाले नाही, कारण बांगड्याविषयी एक स्वतंत्र शंका घेता येते. बांगडा आणि तारली यांसारख्या माशांत हिस्टिडीन हा प्रथिनांचा एक घटक भरपूर असतो, आणि मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन हे बाधणारे रसायन करतात. शिजवूनही ते नष्ट होत नाही. म्हणजे भुरी माशाने नव्हे, शिळ्या माशाने ओकली असेल. म्हणून सप्टेंबरमध्ये आधी दोन आठवडे उकडलेली कोंबडी देऊन पाहिली, आणि त्या काळात एकही उलटी झाली नाही. मग ऑक्टोबरमध्ये बंदरावर सकाळी उतरलेली, बर्फातून आणलेली ताजी मांदेली लगेच उकडून दिली. दुसऱ्याच दिवशी फुली मारावी लागली. येथे माझी शंका संपली. ही खरी ॲलर्जी आहे की नुसती न सोसण्याची तक्रार, हे या परीक्षेतून कळत नाही, परंतु उपाय दोन्हींत एकच आहे. त्वचेच्या तक्रारी असलेल्या ७८ मांजरांच्या नोंदींचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात गोमांसाने त्रास होणारी मांजरे १८ टक्के, माशाने १७ टक्के आणि कोंबडीने ५ टक्के निघाली होती. डॉक्टरांनी हे आकडे दाखवले तेव्हा मांजर आणि मासा या जोडीवरचा माझा विश्वास जरा डळमळला.

खाद्याच्या उणिवा सांगायलाच हव्यात. पहिली उणीव किमतीची. दीड किलोची पिशवी दोन हजारांच्या वर जाते आणि रोज ४५ ते ५० ग्रॅम या मापाने ती महिनाभर पुरते. आम्ही दोघे कमावतो म्हणून जमले, दोन-तीन मांजरे असलेल्या घराला ते जड जाईल. दुसरी उणीव, रत्नागिरीत ते दुकानात सहज मिळाले नाही. कुरिअरने मागवले तर पावसात घाट बंद पडला की आठवडाभर उशीर होतो, म्हणून एक पिशवी नेहमी शिलकीत ठेवावी लागते. तिसरी अडचण आमच्या हवेची आहे. जुलैमध्ये उघडी पिशवी चार दिवसांत सादळली आणि दाण्यांना खवट वास आला. आता मूळ पिशवीच चिमटा लावून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, डब्याखाली मुंग्यांसाठी पाण्याची परात असते, आणि आठवड्याचे दाणे तेवढे बरणीत काढते. मोठी पिशवी ग्रॅममागे स्वस्त पडते, पण कोकणातल्या पावसाळ्यात ती घेऊ नये. पिशवीवर घटकांत माशाचे तेल लिहिलेले पाहून मी थबकले होते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ नसते, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि भुरीला त्याचा त्रास झालेला नाही.

कोंबडी सोसते म्हटल्यावर साध्या, स्वस्त खाद्यावर जाण्याचा प्रयत्नही मी केला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकन लिहिलेल्या पिशव्यांच्या मागे, बारीक अक्षरांत, फिश मील म्हणजे माशांची भुकटी निघाली. पाच पिशव्या पाहिल्या, त्यांपैकी चारांत ती होती. पाचवी डिसेंबरपासून निम्म्या प्रमाणात मिसळते आहे आणि अजून तक्रार नाही. पूर्ण बदल मार्चपर्यंत करावा, असे ठरले आहे.

ज्यांच्या मांजराने दिवसभर काही खाल्लेले नाही, ज्याच्या उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसते, किंवा ज्याने दोरा वा गळाची तंगूस (नायलॉनची दोरी) गिळल्याचा संशय आहे, त्यांनी खाद्याच्या पिशव्या शोधत बसू नये आणि थेट दवाखाना गाठावा. बंदराजवळच्या घरांत शेवटचा प्रकार वाटतो त्याहून जास्त घडतो. तोंडातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये, त्याने आतडे कापले जाऊ शकते.

जानेवारीच्या पानावर दोन फुल्या आहेत आणि दोन्ही केसांच्या गोळ्यांच्या आहेत. वजन ३.७ किलो आहे. आतड्याची सोनोग्राफी पुन्हा करून घेण्यासाठी फेब्रुवारीत कोल्हापूरला जायचे आहे. मासेवाली अजूनही पाटी उतरवली की सवयीने एक मांदेली भुरीपुढे टाकायला हात पुढे करते, आणि मग माझ्याकडे पाहून ती शेजारच्या बोक्याला टाकते.