बॅरलमध्ये मुरलेली स्टाउट: यंदाची बाटली, पाच महिन्यांनंतर

यंदाची पहिली बाटली मी अर्धी सिंकमध्ये ओतली. सहा हंगामांत असं कधी झालं नव्हतं. हिवाळ्यात एकदाच येणारी, बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या बॅरलमध्ये, म्हणजे लाकडी पिंपात, मुरवलेली ही स्टाउट (काळी, दाट बिअर) मी दरवर्षी मोजून तीन बाटल्या घेतो आणि वहीत टिपून ठेवतो. यंदा व्हॅनिला नाही, ओकचा तो खोबऱ्यासारखा वास नाही, नुसता कच्च्या दारूचा भपका. त्याच रात्री लिहिलं, 'बिघडली. पुढच्या वर्षी नको.'

ती नोंद आता खोडली आहे. परवा दुसरी बाटली उघडली. भपका बसला होता, चॉकलेट आणि मनुका स्पष्ट लागत होत्या. थोडी चूक माझीही होती. पहिली बाटली थेट फ्रिजमधून काढून प्यायलो होतो आणि गारठ्यात हे सगळे वास दबतात. या वेळी १३ अंशांपर्यंत येऊ दिली.

तरीही दोन वर्षांपूर्वीची बाटली ती बाटलीच! तेव्हाची व्हॅनिला यंदा निम्मीही नाही, आणि याचं कारण मी रेसिपीत शोधणार नाही. बर्बनला अमेरिकन नियमाने नवं, आतून जाळलेलं ओकचं भांडं लागतं, म्हणून एकदा वापरलेली, साधारण २०० लिटरची बॅरलं बिअरवाल्यांकडे येतात. लाकडात बर्बन मुरलेली असते. नुकतं रिकामं झालेलं, ओलसर बॅरल भरभरून देतं. बरेच दिवस पडून सुकलेलं हात आखडतं, शिवाय गळतं. त्याच बॅरलमध्ये दुसऱ्यांदा बिअर भरली तर चव आणखी उतरते. उन्हाळा कडक गेला तर बिअर लाकडात जास्त आत-बाहेर करते. मग दरवर्षी चव तीच कशी राहील?

म्हणूनच माझा सगळा राग लेबलवर आहे. पूर्वी त्यावर 'बॅरलमध्ये ११ महिने' असं छापलेलं असायचं. दोन वर्षांपासून ती ओळ गायब. लिहून विचारलं, तर उत्तर आलं की अनेक बॅरलांचं मिश्रण असतं, एक आकडा देता येत नाही. मग सर्वांत कमी मुरलेल्या बॅरलचे महिने छापा! व्हिस्कीच्या बाटलीवर वय तसंच लिहितात. एवढे पैसे मोजणाऱ्याला एवढं कळायला हवं.

पहिल्या बाटलीच्या वेळी आंबटपणाचीही शंका आली होती. गूस आयलंड या अमेरिकन ब्रुअरीच्या २०१५ च्या 'बर्बन काउंटी' स्टाउटमध्ये लॅक्टोबॅसिलस हा आंबवणारा जिवाणू शिरला, त्यांना पैसे परत करावे लागले आणि २०१६ पासून ते पाश्चरायझेशन करू लागले. माझी बिअर वेगळी. तिच्यात आंबट काही नव्हतं, फक्त कोवळेपणा होता.

तिसरी बाटली अंधारात उभी ठेवली आहे, पण पुढच्या हिवाळ्यापलीकडे नाही. तीन वर्षं जपलेल्या एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला होता. झाकणातून शिरणारी हवा शेवटी आपलं काम करतेच. पुढच्या वर्षीही तीनच घेईन. फक्त पहिली बाटली पाच महिने उघडणार नाही.