आरटीई २५ टक्के ऑनलाइन प्रवेश : नाशिकच्या हनुमानवाडीतून भरलेल्या एका अर्जाचा अनुभव

आमच्या सोसायटीच्या रखवालदाराच्या मुलीसाठी मी शिक्षणहक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असलेल्या जागांचा ऑनलाइन अर्ज भरला. या सेवेला मी पाचपैकी साडेतीन तारे देतो.

अर्ज मराठीत आहे, शुल्क नाही आणि दहापर्यंत शाळा निवडता येतात. नकाशावर घराची खूण मात्र फार जपून करावी, कारण शाळेचे अंतर तिच्यावरून ठरते. आम्हाला जवळ दाखवलेली एक शाळा गोदावरीपलीकडे गंगापूर रोडला निघाली. रोज पुलाचा वळसा घालून जायचे, हे नकाशाला कुठून कळणार! सोडत राज्यपातळीवर होते, त्यामुळे कोणाच्या शिफारशीच्या चिठ्ठीचा उपयोग होत नाही, आणि मला ही सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्याचे श्रेय मी मूळ केंद्रीय कायद्याला देईन. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत, आले नसते, तर संसदेला २००९ मध्ये खासगी विनाअनुदानित शाळांवर २५ टक्के जागांचे बंधन घालणारा हा कायदा करणे अवघड गेले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट दिली होती. मूळ कायद्याशी विसंगत असलेला हा बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला.

दीड तारा कापला तो कागदपत्रांसाठी आणि शाळेसाठी. रखवालदार पार्किंगशेजारच्या खोलीत राहतो, वीजबिल सोसायटीच्या नावे येते आणि भाडेकरू म्हटले की नोंदणीकृत भाडेकरार हवा. अखेर सोसायटीनेच त्याच्याशी करार करून त्याची नोंदणी केली. ज्याच्या पाठीशी सोसायटी नाही, त्याने काय करावे? प्रवेश मिळाल्यावर शाळेने वह्या आणि गणवेशाचे पैसे मागितले. शासनाकडून शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या शुल्कापोटी शाळेला मिळणारी रक्कम, वेळेवर येत नाही, असे कारण तेथील लिपिकाने दिले. ते खरे असले, तरी केंद्राचा कायदा आणि राज्याची तिजोरी यांच्यातील हिशेब पालकाच्या खिशातून का भागवावा, हे मला समजले नाही. लेखी विचारणा केल्यावर मागणी थांबली.

कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. प्रवेश निश्चित झाला त्या दिवशी पावती घडी करून खिशात ठेवताना रखवालदाराने मला विचारले, “साहेब, नववीला फी किती असते इथं?”