परतवाड्याच्या लोहाराकडची रायमुनियाची कुदळ

सहा वर्षं मेळघाटात कुरणविकासाचं काम करतेय. त्यातला निम्मा वेळ रायमुनिया काढण्यातच जातो. तुमच्याकडे हिला टणटणी किंवा घाणेरी म्हणत असतील. इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेलं हे झुडूप जंगलात असं माजलंय की त्याच्याखाली पवन्या, कुसळी, मारवेल असं कुठलंच गवत टिकत नाही. चितळ, सांबर, गवे यांच्या तोंडचा चाराच जातो.

कोयत्यानं वरून छाटली तर पावसात बुंध्यातून दुप्पट फुटते. म्हणून आम्ही दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांची पद्धत वापरतो. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, मुख्य मुळीवर घाव घालायचा. मग झुडूप मुळ्या वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. पण त्या मुळीभोवती काटेरी खोडांचा गुंता असतो, खाली मुरूम असतो आणि बाजारची रुंद कुदळ तिथे शिरतच नाही. एका मोठ्या दुकानातून वीस कुदळी घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सात वाकल्या, एकीचं पातं दांड्यातून निसटून आमच्या एका बाईच्या नडगीला लागलं. चार टाके पडले. ते रक्त पाहिल्यापासून अवजाराच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

परतवाड्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लोहार बसतात, पत्र्याचं छप्पर, पाटी नाही. मी कुदळ मागितली तर म्हणाले, "ताई, आधी ती मुळी आणून दाखवा न." दुसऱ्या खेपेला तीन झुडपं मुळासकट नेली. त्यांनी बोटांनी मुळीची जाडी चाचपली, कुठे कापता ते विचारलं, मग ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत घातला. पातं दोन इंच रुंद, टोकाला किंचित आत वळवलेलं. धारेला पाणी देताना, म्हणजे ती कडक करताना, लोखंडाचा रंग पिवळट होईपर्यंत थांबले, मधे एक शब्द बोलले नाहीत.

पहिल्या पाचांचं पाणी जरा जास्तच कडक झालं होतं, दगडावर टवके उडाले. परत नेल्यावर कुरकुर न करता, पैसे न घेता नीट करून दिल्या. आता दोन पावसाळे झाले, बावीस कुदळी रोज चालतात, एकही वाकलेली नाही. आमच्या कोरकू बायका एका घावात मुळी तोडतात. पाच-सहा घाव घालायचे तेव्हा दुपारपर्यंत खांदे भरून यायचे, आता तशी तक्रार येत नाही. पातं हलकं असल्यानं मनगटालाही ओढ बसत नाही.

दांड्याशिवाय साडेचारशे रुपये. महाग वाटेल, पण मला ही किंमत रास्त वाटते. पक्कं बिल मिळत नाही, त्यामुळे संस्थेच्या हिशेबात अडचण येते. आम्ही साध्या पावतीवर सही घेतो. दांडा तिथला घेऊ नका. बाभळीचा देतात, तो जड होतो. धामणाचा आपला न्या, तो बसवून देतात.

अक्षय्य तृतीयेनंतर तिथे शेतकऱ्यांच्या वखराच्या पाशींची रांग लागते, मग वीस-वीस दिवस नंबर येत नाही. रायमुनिया पहिल्या पावसानंतर, माती ओली असताना आणि फळं धरायच्या आत काढावी लागते, नाहीतर बुलबुल बिया नेऊन नव्या जागी टाकतात. तेव्हा मागणी होळीच्या आसपासच देऊन ठेवा. आणि जाताना झुडपाची मुळी सोबत न्या.