डायलॉग एडिट शिकायला रीपर: पावसाळ्यापासूनचा अनुभव

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते आणि सिनेमा-मालिकांचं साउंड पोस्ट, म्हणजे शूटिंगनंतरचं आवाजाचं काम, शिकते आहे. गेल्या पावसाळ्यापासून घरचा सगळा सराव रीपर या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर चालू आहे. 60 दिवसांच्या ट्रायलमध्ये काहीही बंद नसतं, नंतर वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरला मिळतो. शिकणाऱ्याला झेपेल अशी किंमत. पण किंमत बाजूला ठेवली तरी डायलॉगच्या कामासाठी मी हेच सुचवेन.

मुख्य कारण म्हणजे प्रत्येक आयटमवर, म्हणजे ट्रॅकवरच्या आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर, वेगळा इफेक्ट लावता येतो. एखाद्या शॉटमागे विजेची गुणगुण असेल, तर तेवढ्याच वाक्यावर ईक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करणारा इफेक्ट) टाकून 50 आणि 100 हर्ट्झला बारीक नॉच द्यायचा, म्हणजे फक्त तेवढेच स्वर कापायचे. बाकीचा ट्रॅक जसाच्या तसा राहतो. दोन आयटम एकमेकांवर सरकवले की क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत दुसरा वर येणं, आपोआप होतो. डायलॉग एडिटमध्ये दिवसभर हेच तर करायचं असतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रूम टोननं, म्हणजे कोणी बोलत नसताना त्या जागेत ऐकू येणाऱ्या आवाजानं. दोन वाक्यांमधला खोकला किंवा दिग्दर्शकाची सूचना कापली की तिथे पोकळी उरते. कान ती लगेच पकडतो, कारण वाक्यामागे पंखा, रस्ता, खोलीची हवा असं काहीतरी सतत चालू असतं आणि ते अचानक तुटतं. मग त्याच टेकमधला, त्याच माइकचा शांत तुकडा शोधून भरायचा. दुसऱ्या सेटअपचा सहसा जुळत नाही. माइक थोडा सरकला तरी खोली वेगळी ऐकू येते. आणि छोटा तुकडा लूप केला, तर त्यातली एखादी टकटक ठरावीक अंतरानं परत येत राहते. म्हणून मी शब्दांमधल्या बारीक बारीक जागा गोळा करून, जोडून लांब टोन बनवते. वेळ खाणारं काम आहे, पण मला मनापासून आवडतं.

रीपरसोबत येणाऱ्या रीएफआयआर या इफेक्टचा सबट्रॅक्ट मोड (नको असलेला आवाज वजा करणारा) एसीच्या एकसारख्या घरघरीवर छान चालतो. हात राखून वापरा, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. रिक्षा किंवा हॉर्नवर त्याचा उपयोग नाही. तिथे दुसऱ्या टेकमधून शब्द आणावा लागतो, नाहीतर एडीआर, म्हणजे कलाकाराकडून वाक्य स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करून घेणं.

व्हिडिओ टाइमलाइनवरच दिसतो. फ्रेम रेट आधी तपासा: सिनेमा बहुधा 24, आपल्याकडची टीव्हीची कामं 25. म्हणजे टीव्हीला एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. रेंडरनंतर (तयार फाइल काढल्यावर) लाउडनेसचा, म्हणजे एकूण आवाज किती मोठा ऐकू येतो त्याचा, आकडाही मिळतो, मात्र कोणाला काय द्यायचंय हे माहीत हवं. युरोपच्या प्रसारणाच्या आर 128 या मानकाचं लक्ष्य −23 एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) आहे. नेटफ्लिक्स −27 मागतं आणि तेही संवादावर मोजून.

अँबियन्स, म्हणजे दृश्यामागचे परिसराचे आवाज, मी स्वतः रेकॉर्ड करते. ठाण्यातल्या तलावपाळीची संध्याकाळ आणि उपवनची पहाट आता माझ्या लायब्ररीत आहेत.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एडिटरकडून आलेली एएएफ फाइल (कापलेल्या टाइमलाइनची माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणारी) रीपर स्वतःहून उघडत नाही, मध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पोस्ट स्टुडिओंमध्ये मुख्यतः प्रो टूल्स हे दुसरं ऑडिओ सॉफ्टवेअर चालतं. त्यामुळे असिस्टंट म्हणून लवकर कामाला लागायचं असेल, तर रीपरसोबतच त्याची छोटी आवृत्ती प्रो टूल्स इंट्रो घ्या. ते फुकट आहे. 8 ऑडिओ ट्रॅकचीच मर्यादा आहे, पण शॉर्टकट बोटांत बसवायला तेवढे पुरतात.