कविता वाचताना मुलाला आपलं अडणं कळावं म्हणून: बोलून दाखवावं की खुणा करायला लावाव्यात?

पहिली-दुसरीतल्या मुलांना "समजलं का?" असं विचारून काही हाती लागत नाही. उत्तर ठरलेलंच असतं: होऽऽ! यात लबाडी नसते. आपल्याला समजलेलं नाही, हेच त्यांना समजलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एका खेळाचे नियम मुद्दाम अर्धवट सांगितले होते. पहिलीतल्या बहुतेक मुलांना प्रत्यक्ष खेळायला लागेपर्यंत त्यात काही राहून गेलंय याचा पत्ताच नव्हता.

कवितेत तर हे फार सहज झाकलं जातं. यमक आणि चाल मुलाला अलगद पुढच्या ओळीवर नेऊन सोडतात, आणि कविता तोंडपाठ असली की ऐकणाऱ्यालाही वाटतं, आली याला.

घरी किंवा वर्गात यासाठी दोन मार्ग सहज वापरता येतात. एक, मोठ्यांनी वाचता वाचता आपला विचार बोलून दाखवायचा. दुसरा, मुलाने स्वतः वाचताना पेन्सिलीने खुणा करायच्या. सोयीसाठी चार ओळी रचून घेतल्या आहेत:

ऊन चढले पायरीवरती,
हळूच आले दारावरती;
सावली बसली अंग चोरून
भिंतीपाशी पाय दुमडून.

बोलून दाखवणं साधारण असं: "सावली बसली अंग चोरून... थांब हं. चोरून? काय चोरलं हिने? कळेना. पुढची ओळ बघू. भिंतीपाशी पाय दुमडून. हां, म्हणजे आक्रसून बसलीय. ऊन पुढे आलं, म्हणून हिला जागा कमी पडली असणार." यात अडल्यावर काय करायचं तेही मुलाला दिसतं: पुढे वाचायचं, मागे यायचं, अंदाज बांधायचा आणि तो जुळतो का ते पाहायचं. मोठी माणसंही अडतात, हे कळणं हाही फायदाच. पण विचार करतं कोण? आपण. मूल प्रेक्षक होऊन बसतं, आणि आपल्या खोट्या अडखळण्याला मुलं दोन दिवसांत ओळखतात. म्हणून खरोखर खाचखळगा असेल तिथेच थांबावं, एका कवितेत एकदा किंवा दोनदा. आणि त्याआधी कविता न थांबता एकदा पूर्ण म्हणून घ्यावी. पहिल्याच वाचनात तुकडे पाडले तर लयही जाते आणि मजाही.

खुणांमध्ये काम मुलाकडे जातं. ओळ कळली तर बरोबरची खूण, अडलं तर प्रश्नचिन्ह. चाळीस मुलांच्या वर्गात हे फार सोयीचं. वह्या नुसत्या चाळल्या तरी सगळे कुठे अडले ते दिसतं. यात मी तिसरी खूण घालते, चांदणी: विचित्र आहे, पण मजा आली. कथेत किंवा माहितीच्या उताऱ्यात न जुळणारं काही दिसलं तर थांबायचं, असं आपण शिकवतो. कवितेत सावलीला पाय असतात आणि ते मुद्दाम दिलेले असतात. तिथे प्रश्नचिन्ह काढायला लावलं, तर मूल नेमकं चांगल्या जागी कविता चुकली असं समजेल.

खुणांची खरी अडचण वेगळीच आहे. मुलाला अडल्यासारखं वाटलं तरच प्रश्नचिन्ह पडतं. ज्याला सावलीने सरळ काहीतरी चोरलं असं वाटतं, तो त्या ओळीपुढे खुशाल बरोबरची खूण करून मोकळा होतो. हा चुकीचा समज चित्रात सापडतो: "ही ओळ काढून दाखव" म्हटलं की सावलीच्या काखेत गाठोडं उमटतं! रोज चित्रं काढायला वेळ नसतो, पण एखाद्या ओळीपुरतं चित्र खुणांना जोडून घ्यावंच.

पॅलिन्क्सर आणि ब्राऊन या संशोधकांची समजून वाचायला शिकवण्याची 1984 ची पद्धतही अनेकदा सुचवली जाते: प्रश्न विचारणं, सारांश सांगणं, शंका सोडवणं, पुढचा अंदाज करणं. ती मुळात माहितीपर उतारे वाचणाऱ्या सातवीच्या मुलांसोबत वापरलेली. लहानांच्या कवितेसाठी मी त्यातल्या शंका आणि अंदाज एवढंच उचलेन. सारांश नको. "ऊन आलं, सावली सरकली" म्हणून मूल मोकळं होतं आणि कविता बाजूलाच राहते.

मग निवडायचं काय? घरी एकच मूल शेजारी बसलं असेल, तर बोलून दाखवण्यापासून सुरुवात करा आणि लवकरच पाळी बदला: आता तू बोल, मी ऐकते. मोठा वर्ग असेल तर एक-दोन कविता बोलून दाखवून खुणांकडे वळा. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर माझं मत बोलून दाखवण्याला, कारण अडलं हे कळूनही पुढे काय करायचं ते माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह वहीत तसंच पडून राहतं. जे मूल अजून अक्षरं जुळवत वाचतं, त्याच्या हातात पेन्सिल देऊ नका. एकाच वेळी दोन ओझी होतात. त्याला कविता वाचून दाखवा आणि अडेल तिथे नुसतं बाकावर टकटक करायला सांगा.

काही दिवसांनी सगळ्या ओळींपुढे बरोबरच्याच खुणा दिसू लागतील. तेव्हा शाबासकी देण्याआधी त्यातली एक ओळ निवडा आणि म्हणा, "इथे काय चाललंय, करून दाखव बरं."