मॅचसाठी जर्सी आणि बॅनर करायचाय? कोपरखैरण्याच्या या काकांकडे जा

मॅच झाल्या झाल्या इंटर्नल्स लागल्या म्हणून हे लिहायला उशीर झाला, पण या दुकानाबद्दल लिहायचंच हे मी त्या दिवशी मैदानात भिजत उभी असतानाच ठरवलेलं.

दुकान नवी मुंबईत कोपरखैरण्याला आहे, स्टेशनवरून रिक्षाने पाच मिनिटं, रो-हाऊसच्या गल्लीत तळमजल्यावर. पाटीवर "टी-शर्ट प्रिंटिंग, फ्लेक्स, ट्रॉफी" एवढंच लिहिलंय, दुकानाचं नाव उन्हाने उडालंय, त्यामुळे सगळी पोरं "काकांचं दुकान" असंच म्हणतात. आत एका वेळी तीन माणसं उभी राहू शकतात, चौथ्याने पायरीवर थांबायचं. वर माळ्यावर शिलाईच्या दोन मशीन आहेत, तिथे काकू आणि एक मावशी बसतात.

आता आमची ऑर्डर काय होती ते सांगते. आमच्या कॉलेजची आणि नेरूळकडच्या एका कॉलेजची फुटबॉलमध्ये जुनी खुन्नस आहे, आणि गेली तीन वर्षं ती मुलींच्या टीमवर आलीये. आधी मुलींच्या मॅचला कोण यायचं, तर टीमचे राखीव प्लेअर आणि कोणाचे तरी आईबाबा. मी अकरावीत असताना, ३० ऑक्टोबर २०२२ ला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल बघितली होती, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं ती. माझ्याच वयाच्या मुली खेळतायत आणि अख्खा स्टँड त्यांच्यासाठी ओरडतोय हे डोक्यातून गेलंच नाही. म्हणून यंदा ठरवलं की आपल्या मुलींसाठीही असा स्टँड करायचा, साठ जणांना एकसारख्या हिरव्या जर्सी, एक मोठा बॅनर, ढोल-ताशा, सगळं. सपोर्टर्सची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि पैसे वर्गणीचे होते, त्यामुळे एक रुपयासुद्धा वाया गेला असता तर मला झोप लागली नसती.

भीतीही होती कारण मागच्या वर्षी एका दुसऱ्या दुकानातून टी-शर्ट घेतले होते (नाव लिहीत नाही), पाऊस आला आणि हिरवा रंग सगळ्यांच्या मानेवर उतरला, आणि पाठीवरची नावं दोन धुण्यांत सोलून निघाली, माझ्या पाठीवर आता फक्त मधलं एक अक्षर उरलंय. कॉलेजच्या मॅचेस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतात, म्हणजे पाऊस धरूनच चालायचं, आणि त्या दुकानात हे कोणी विचारलंच नव्हतं.

काकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "घालून काय करणार? खेळणार, नाचणार, का फोटोपुरतं?" मी म्हटलं काका, दोन तास पावसात उड्या मारणार. तर म्हणाले मग कॉटन विसरा, डॉटनिट घ्या आणि सब्लिमेशन करा. डॉटनिट म्हणजे ते बारीक टिपक्या-टिपक्यांचं पॉलिएस्टर, घाम लवकर वाळतो. सब्लिमेशनमध्ये रंग कापडावर बसत नाही तर कापडात शिरतो, शाईची गरमीने वाफ होते आणि ती धाग्याच्या आत जाते, म्हणून सोलून निघायला वर काही राहतच नाही. पण ते फक्त पॉलिएस्टरवर होतं आणि कापड पांढरं किंवा फिकं लागतं, गडद कापडावर छापलेलं दिसतच नाही. म्हणजे आमची हिरवी जर्सी मुळात पांढऱ्या कापडाची आहे हे मला तेव्हा कळलं.

अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मला कुठल्याच दुकानात कोणी सांगितली नव्हती. तयार शिवलेल्या टी-शर्टवर छापलं की काखेत आणि शिलाईच्या घड्यांत पांढऱ्या रेघा राहतात कारण दुमडलेल्या जागी शाई पोचत नाही. म्हणून ते आधी कापड कापतात, पुढचा भाग, पाठ, बाह्या वेगवेगळ्या, मग छापतात आणि मग वर माळ्यावर शिलाईला जातं. वेळ जास्त लागतो, पैसे थोडे जास्त, आम्हाला २८० ला एक पडली साठ नगांवर, नाव आणि नंबर धरून. मी भाव करायचा प्रयत्न केला, त्यांनी दहा रुपये कमी करायला नकार दिला पण रंगाचं सॅम्पल फुकट काढून दिलं, आणि मला वाटतं तो सौदा माझ्याच फायद्याचा होता.

ते सॅम्पल निघताना मी मशीनजवळ उभी होते. प्रिंटरमधून कागद आला तर त्यावरचा हिरवा इतका मळकट, शेवाळासारखा, की माझा चेहराच पडला. कॉलेजचं नावही उलटं, आरशातल्यासारखं. काका काही बोलले नाहीत, गरम प्रेसच्या मशीनवर कापड पसरलं, हाताने सुरकुती काढली, कागद पालथा घातला, टेपचे दोन तुकडे लावले आणि वरचं झाकण खाली ओढलं. २०० डिग्री, ५० सेकंद, लाल आकडे उलटे मोजत येतात. झाकण उघडल्यावर थोडी वाफ आली, इस्त्रीसारखा वास, आणि त्यांनी एका कोपऱ्यातून कागद सरसर सोलला तर खाली आमचा हिरवा! कॉलेजच्या गेटचा जो बाटलीचा हिरवा आहे ना, तोच, ओला ताजा असल्यासारखा. कागदावर फक्त फिकट सावली उरली होती. मी तो तुकडा अजून पाकिटात ठेवलाय.

बॅनरचं डोकं तर पूर्ण त्यांचंच. मी फ्लेक्स सांगायला गेले होते, वीस बाय सहा फूट. काका मूळचे बेलापूरजवळच्या दिवाळे गावातले, कोळी घरातले, ते म्हणाले, "बाळा, वीस फुटांचा फ्लेक्स हातात धरून वाऱ्यात उभी राहशील तर तो शिडासारखा फुगेल, चार पोरं घेऊन जाईल." मग कापडाचा केला, स्क्वेअर फुटाला ४० रुपये, एकूण ४,८०० झाले. फ्लेक्सपेक्षा दुपटीहून महाग पडला हे खरंय, ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी लहान करा पण कापडाचाच करा. वरच्या काठात काकूंनी नायलॉनची दोरी घालून शिवली आणि कोपऱ्यांना दुहेरी कापड लावलं, तिथेच पहिल्यांदा फाटतं म्हणे. घडी करून सॅकमध्ये मावला, फ्लेक्सची सुरळी ट्रेनमधून न्यायची म्हणजे काय त्रास असतो ते ज्यांनी नेलीये त्यांना विचारा.

बॅनरवर लिहायचं होतं "चिखल झाला तरी हिरवळ आमचीच". मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवलं. त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पेस्ट केल्यावर पहिली वेलांटी निखळून अक्षराच्या आधीच लटकत होती, "चिखल" आणि "हिरवळ" दोन्ही मोडलेले. हे मी कित्येक दुकानांच्या पाट्यांवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तसंच छापलेलं बघितलंय. काकांनी चष्मा कपाळावर घेतला, म्हणाले असं मराठी माझ्या दुकानातून बाहेर जात नाही, आणि स्वतः श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षर-अक्षर परत टाइप केलं. मग मोठ्याने वाचलं. मग मला वाचायला लावलं. मग माळ्यावरून काकूंना बोलावून त्यांना वाचायला लावलं. तीन जणांनी वाचल्यावर प्रिंट दिली.

अजून एक किस्सा सांगायलाच हवा. मी त्यांना मोबाइलवर एक क्लिप दाखवली होती, अमेरिकेत कॅलिफोर्नियात सॅन्टा बार्बराच्या युनिव्हर्सिटीची आणि कॅल पॉलीची फुटबॉलची अशीच जुनी खुन्नस आहे, निळे विरुद्ध हिरवे, आणि सॅन्टा बार्बराने गोल केला की त्यांची पोरं स्टँडमधून मैदानात टॉर्टिया फेकतात, म्हणजे त्यांच्या मेक्सिकन पोळ्या, तबकडीसारख्या गरगरत जातात. मला म्हणायचं होतं की आपणही गोल झाल्यावर काहीतरी उडवूया. काकांनी बघितलं आणि म्हणाले त्यांची पद्धत त्यांच्याकडे, आपण अन्न टाकायचं नाही. मी म्हटलं बरोबर आहे काका, मलाही ते जमणार नाही. कोलकात्याचं मात्र त्यांना फार आवडलं, तिथे फुटबॉलमध्ये ईस्ट बंगाल क्लबची टीम जिंकली की त्यांच्या चाहत्यांकडे हिलसा मासा आणि मोहन बागान क्लबची जिंकली की त्यांच्याकडे कोळंबी, हे ऐकून म्हणाले हे बरंय, हे पोटात जातं.

पण जर्सी घ्यायला गेले तेव्हा गठ्ठ्याशेजारी एक पोतं होतं. आमच्याच जर्सींच्या छापलेल्या कापडाच्या कडा, शिलाईतून उरलेल्या, काकूंनी आणि मावशींनी बसून त्यांच्या हातभर लांब पट्ट्या कापून ठेवलेल्या. "हे उडवा, आणि मॅच झाल्यावर गोळा करून परत आणा, उशीत भरायला होतील." एक पैसा घेतला नाही.

मॅचच्या दिवशी सकाळपासून धो धो. आम्ही दोनशेच्या आसपास होतो, साठ जर्सीतले आणि बाकीचे हिरवं जे मिळेल ते घालून, एकीने तर आईची हिरवी ओढणी बांधलेली. समोर त्यांचे लोक नारंगी, तेही तेवढेच, आणि त्यांचाही कापडी बॅनर, "गोलपोस्ट घट्ट बांधा, वादळ येतंय". खरं सांगते, भारी होता. हाफटाइमला आम्ही ०-१ ने मागे होतो. ताशाचं कातडं भिजून ढब झालं होतं, पोरं ते गॅरेजवाल्याच्या हॅलोजनसमोर धरून शेकत होती. मग कॉर्नरवरून आमच्या स्टॉपरने (मधल्या डिफेंडरने) हेडर घातला, १-१, आणि शेवटच्या पाच मिनिटांत फ्री किकचा ओला बॉल त्यांच्या गोलकीपरच्या हातातून सुटला आणि आमच्या लेफ्ट विंगच्या मुलीने तो नुसता पायाने आत ढकलला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवतसुद्धा नाही, फक्त हिरव्या पट्ट्या आठवतात, पावसात वर गेल्या आणि जड होऊन सगळ्यांच्या डोक्यावर, खांद्यावर चिकटल्या, ढोलवर चिकटल्या, सरांच्या छत्रीवर चिकटल्या. शिट्टी झाल्यावर टीम धावत आमच्याकडे आली आणि आम्ही बॅनर खाली सोडला, अकरा जणींनी तो डोक्यावर छतासारखा धरला आणि आमची कीपर, जी माझी बालवाडीपासूनची मैत्रीण आहे, त्याच्याखाली उभी राहून रडत होती. तिने मला सांगितलं की सेकंड हाफमध्ये आमचा आवाज तिला पाठीमागून हातासारखा लागत होता. बॅनर दोन तास ओढाताण सहन करून एकाही टाक्याला उसवला नाही. आणि रंग, मी घरी येऊन पांढऱ्या टॉवेलने मान पुसली, टॉवेल पांढराच.

पट्ट्या गोळा करायला पाऊण तास लागला. त्यात त्यांच्या चार नारंगी मुली मदतीला आल्या. त्यातली एक आमच्या बॅनरची कड उचलून बघायला लागली, दोरीवरची ती नागमोडी शिलाई, दुहेरी कोपरा. मग तिने स्वतःचा बॅनर उलगडला. तीच दोरी, तीच शिलाई, तोच कोपरा. "तुम्ही पण काकांकडून?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तेव्हा मला आठवलं की मी सॅम्पलला गेले त्या दिवशी कोपऱ्यात काहीतरी जुन्या बेडशीटखाली झाकलेलं होतं आणि मी हात लावायला गेले तर काका पटकन म्हणाले, ते दुसऱ्याचं आहे. तिला पण तेच सांगितलेलं. आमच्या हिरव्याबद्दल त्यांना चकार शब्द कळला नाही आणि त्यांच्या वादळाबद्दल आम्हाला. आजकाल डिझाइन इकडून तिकडे फॉरवर्ड करणारे दुकानदार मी बघितलेत, म्हणून ही गोष्ट मला जर्सीपेक्षाही मोठी वाटते.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्याही लिहिते. फोन उचलत नाहीत, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, मेसेज टाका किंवा सरळ जा. जर्सी शुक्रवारी संध्याकाळी सांगितल्या होत्या, शनिवारी दुपारी मिळाल्या, माझा जीव टांगणीला लागलेला. मुलींचे साइज लहान येतात, मला एम होतो तर तिथला एल लागला, आणि आमच्या तीन जणींना घट्ट झाल्या, त्या काकूंनी बाजूने पट्टी घालून वाढवून दिल्या पण आधीच मापाची जर्सी घालून बघा. दुपारी दोन ते चार बंद. निम्मे पैसे आधी द्यायला लागतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या शनिवारच्या उशिराचा कापला. मोठी ऑर्डर असेल तर किमान बारा दिवस आधी द्या, गणपतीच्या आधीचे दोन आठवडे तर जाऊच नका, मंडळांच्या टी-शर्टची रांग असते.

पोतं परत द्यायला गेले तेव्हा काकांनी आधी स्कोअर विचारला, मग बॅनरचे कोपरे तपासले, आणि मग विचारलं, "समोरच्या पोरी कशा खेळल्या?" मी म्हटलं चांगल्या खेळल्या काका. ते म्हणाले, हां, त्या पण येऊन गेल्या सकाळी, तुमचं पण तेच सांगत होत्या.